तुमच्या युनिटचा हिरवा हक्क कुणाकडे आहे?

वाचकांचे प्रश्न : अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे

अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजेच आरईसी, या विषयावर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. साखर कारखाना, फौंड्री, सूतगिरणी, घरावरचे सोलर अशा सगळ्यांकडून विचारणा आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न भावाचा आहे. आम्ही मात्र उत्तरांत आधी हक्काचे बघितले आहे, कारण हक्कच नसेल तर भाव विचारून उपयोग नाही.

प्रश्न : आरईसी नेमके देते कोण? आमच्या ऑफिसात एक जण म्हणतो महाऊर्जा, दुसरा म्हणतो वीज आयोग, तिसरा म्हणतो एक्स्चेंज. शिवाय शेअर बाजारात आरईसी नावाचा शेअर आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे का? — एक लेखापाल, कागल

उत्तर : शेअरचे आधी मिटवू. आरईसी लिमिटेड ही वीज प्रकल्पांना कर्ज देणारी सरकारी कंपनी, म्हणजे पूर्वीची रूरल इलेक्ट्रिफिकेशन कॉर्पोरेशन. नावाच्या आद्याक्षरांपलीकडे तिचा या प्रमाणपत्रांशी संबंध नाही.

आता प्रमाणपत्र. तुमच्या ऑफिसातल्या तिघांनीही नाव घेतलेल्या संस्थांचे यात काम आहे, पण प्रमाणपत्र त्यांपैकी कुणीच देत नाही. ते देते दिल्लीतले राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, म्हणजे एनएलडीसी. ते चालवते ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया ही कंपनी. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत तिचे नाव पोसोको होते, त्यामुळे जुन्या कागदांवर तेच दिसेल. नियमांत एनएलडीसीला 'केंद्रीय संस्था' म्हटले आहे.

बाकीच्यांची कामे अशी. नियम करतो केंद्रीय वीज नियामक आयोग. पहिले नियम २०१० चे होते. सध्याचे मे २०२२ मध्ये अधिसूचित झाले आणि ५ डिसेंबर २०२२ पासून लागू आहेत. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कारखान्याच्या उत्तरात तिच्यावरच सगळे अवलंबून आहे. कुणी किती टक्के अक्षय वीज वापरली पाहिजे हे बंधन, म्हणजे आरपीओ, वीज कायदा २००३ च्या कलम ८६ खाली राज्य आयोग घालतो. आता ऊर्जा संवर्धन कायद्याखाली केंद्रानेही टक्केवारी ठरवून दिली आहे. प्रकल्प खरा आहे का, कागद बरोबर आहेत का, हे तपासून मान्यता देते राज्य संस्था. महाराष्ट्रात ते काम महाऊर्जाकडे, म्हणजे पुण्याच्या मेडाकडे आहे. ग्रिडमध्ये किती वीज आली याचा अहवाल देते ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र. एक्स्चेंज म्हणजे फक्त बाजार. आयईएक्स, पीएक्सआयएल आणि एचपीएक्स अशी तीन आहेत. २०२२ च्या नियमांनी परवानाधारक वीज व्यापाऱ्यामार्फत थेट सौद्यालाही वाट दिली आहे.

एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॉट-तास, आपल्या भाषेत १००० युनिट. कागद वगैरे काही हातात मिळत नाही, खात्यावर आकडा जमा होतो. सोलर, वारा, बगॅस (उसाचा चोथा), पाणी यांतून तयार झालेल्या युनिटचे दोन भाग कल्पिले आहेत : एक नुसती वीज आणि दुसरा तिचा हिरवेपणा. वीज तारेतून जाते, हिरवेपणा प्रमाणपत्रातून. दोन्ही वेगळ्यांना विकता येतात, पण प्रत्येक एकदाच. दुधावरची साय काढून विकली की खालचे दूध सायीसकट म्हणून विकता येत नाही. या व्यवहारातले निम्मे नियम तेवढ्याच गोष्टीचा पहारा करण्यासाठी आहेत.

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्याचा २० मेगावॉटचा कोजन (सहवीजनिर्मिती) प्रकल्प आहे. महावितरणबरोबरचा वीज खरेदी करार १२ मेगावॉटचा होता, त्याची मुदत संपत आली आहे. संचालक मंडळात चर्चा आहे की पुढे एक्स्चेंजवर वीज विकून वर आरईसी घ्यावे. 'बगॅसला डबल प्रमाणपत्र मिळते' असेही कुणीतरी सांगितले. हिशेब कसा बसतो? — कोजन विभाग, करवीर तालुका

उत्तर : 'डबल' ही अर्धी खरी गोष्ट आहे आणि अशी अर्धी खरी गोष्ट प्रकल्प अहवालात शिरली की दोन वर्षांनी महागात पडते.

२०२२ च्या नियमांनी तंत्रानुसार गुणक दिले. सोलर आणि जमिनीवरची पवनऊर्जा १, जलविद्युत १.५, नागरी कचरा आणि बगॅससारखे बिगर-खनिज इंधनावरचे सहवीजनिर्मिती प्रकल्प २, बायोमास आणि जैवइंधन २.५. पण हे गुणक ५ डिसेंबर २०२२ किंवा त्यानंतर कार्यान्वित झालेल्या प्रकल्पांना, आणि तेही कार्यान्वित झाल्यापासून १५ वर्षांपर्यंत. त्याआधी सुरू झालेल्या संचाला बगॅस असो की काही असो, १००० युनिटला एकच प्रमाणपत्र. तुमचा करारच मुदत संपण्याच्या घरात आला आहे म्हणजे संच जुना. तेव्हा तुमच्यासाठी गुणक १ धरा.

आता हक्क. करारात दर वीज कायद्याच्या कलम ६२ खाली ठरलेला असो किंवा कलम ६३ खाली निविदेतून आलेला, त्या दराने महावितरणला गेलेल्या युनिटचा हिरवेपणा महावितरणच्या आरपीओत मोजला जातो. त्यावर प्रमाणपत्र नाही. मात्र कराराबाहेरची क्षमता वेगळी दाखवून नोंदवता येते. म्हणजे करार चालू असतानाही उरलेल्या ८ मेगावॉटमधली जी वीज कारखान्यात न वापरता बाहेर जाते, तिचा विचार आधीच करता आला असता. करार संपल्यावर पूर्ण निर्यात मोकळी होईल.

कारखान्यात स्वतः वापरलेल्या विजेचे काय, हा पुढचा प्रश्न येतोच. कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीच्या, प्रकल्पाला प्रमाणपत्र मिळू शकते, पण स्वतःचे आरपीओ भागवायला जेवढे युनिट मोजले तेवढ्यांचे प्रमाणपत्र बाजारात विकता येत नाही.

तिसरी अट बरेच जण वाचतच नाहीत. पारेषण किंवा वहन आकारात माफी किंवा सवलत घेतली असेल तर प्रमाणपत्र नाही. ओपन ॲक्सेसने, म्हणजे ग्रिडच्या तारा वापरून थेट, कुणाला वीज विकताना सवलतीचा वहन आकार लागला आहे का, हे बिलावर बघा. वर्षाला काही लाखांची सवलत घेऊन त्याहून मोठी आरईसीची रक्कम घालवायची की नाही, हे मांडून बघण्यासारखे आहे.

हिशेब असा करा. निर्यात १२ मेगावॉट, दिवसाला २४ तास, म्हणजे २८८ मेगावॉट-तास. गळीत हंगाम १२० दिवस धरला आणि मध्ये बंद नाही असे मानले तर ३४,५६० मेगावॉट-तास. गुणक १, म्हणजे ३४,५६० प्रमाणपत्रे. भाव ३०० रुपये धरला तर सुमारे १ कोटी ३ लाख ६८ हजार रुपये. युनिटमागे बघितले तर ३० पैसे. हाच प्रकल्प नवा असता तर ६० पैसे. प्रत्यक्षात बॉयलर ट्यूब फुटणे, पावसाने तोड थांबणे, बगॅसची ओल वाढणे हे धरून ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर आणा.

हे ३० पैसे कशाशी तोलायचे? एक्स्चेंजवर वीज विकायच्या दोन खिडक्या आहेत. साध्या डे-अहेड, म्हणजे उद्याच्या विजेच्या, बाजारात वीज बिनरंगी म्हणून जाते, आरईसी तुमच्याकडे राहते. ऑक्टोबर २०२१ पासून आयईएक्सवर ग्रीन डे-अहेड बाजार आहे. तिथे वीज हिरवेपणासकट जाते, वर आरईसी मागता येत नाही. म्हणून रोज बघायची गोष्ट एवढीच : ग्रीन बाजाराचा भाव साध्या बाजारापेक्षा ३० पैशांहून अधिक वर असेल तर ग्रीनमध्ये विका, कमी असेल तर साध्यात विकून आरईसी ठेवा. आमचे मत विचाराल तर जुन्या संचाने आरईसीला वरकड उत्पन्न समजावे. बँकेच्या कर्जफेडीच्या तक्त्यात ते धरू नये. कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

प्रश्न : आरईसीचा भाव ठरवते कोण? आम्ही ऐकले होते की सरकारने किमान भाव बांधून दिला आहे, उसाच्या एफआरपीसारखा. — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : होता, आता नाही. २०१० मध्ये योजना सुरू झाली तेव्हा सोलरसाठी १२,००० ते १७,००० आणि बिगर-सोलरसाठी १,५०० ते ३,९०० रुपये अशी किमान-कमाल मर्यादा होती. सोलर पॅनेल स्वस्त होत गेले तशा मर्यादा उतरत गेल्या. २०१७ मध्ये दोन्हींचा किमान भाव १,००० वर आला. जून २०२० मध्ये केंद्रीय आयोगाने किमान भाव शून्य आणि कमाल १,००० केला. त्यावर अपिलीय लवादाकडे दाद मागितली गेली आणि जुलै २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत बाजारच बंद राहिला. ज्यांनी आरईसीच्या भरवशावर हप्ते बांधले होते त्यांचे सोळा महिने कसे गेले असतील, ते ओळखा.

२०२२ च्या नियमांनी दोन्ही मर्यादा काढून टाकल्या. सोलर आणि बिगर-सोलर हा भेदही गेला. प्रमाणपत्राला पूर्वी मुदत होती, आता ते विकले जाईपर्यंत जिवंत राहते. याची दुसरी बाजू अशी की न विकलेला साठा बाजारावर लटकत राहतो. २०२४ च्या मध्यात भाव ११०-१२० रुपयांपर्यंत घसरला होता, २०२५ मध्ये तो तीनशेच्या आगेमागे आला. बंद लिलाव असतो. महिन्यातल्या ठरलेल्या बुधवारी सगळ्यांच्या बोली एकत्र येतात आणि एकच भाव निघतो, तो सगळ्यांना लागू. तुमची विक्रीची बोली त्या भावाच्या वर असेल तर प्रमाणपत्र विकले जात नाही, खात्यात परत येते, पुढच्या वेळी पुन्हा लावा.

प्रश्न : घरावर ३ किलोवॉटचे सोलर बसवले आहे, सूर्यघर योजनेतून. आरईसी मिळेल का? — राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. नेट मीटरवरच्या घरगुती ग्राहकाने तयार केलेली वीज राज्य आयोगाच्या नियमांनुसार महावितरणच्या आरपीओत धरली जाते, हक्क तिकडे गेला. आणि समजा नसता गेला, तरी ३ किलोवॉटमधून दिवसाला सरासरी १२ युनिट, वर्षाला सुमारे ४,३८०, म्हणजे चार प्रमाणपत्रे. बाराशे रुपये. नोंदणीचे शुल्कच त्याहून जास्त होईल. तुमचा फायदा वीजबिलात आहे आणि ७८,००० रुपयांचे अनुदान घेतलेच असेल.

प्रश्न : आमची गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्री आहे, इंडक्शन फर्नेस, वीज सगळी महावितरणची, वर्षाला ५० लाख युनिटच्या आसपास. युरोपातला ग्राहक 'ग्रीन पॉवर' वापरता का म्हणून फॉर्म भरून मागतो. सीबॅमचीही भीती घालतात. आरईसी विकत घेतले की दोन्ही प्रश्न सुटतील का? कायद्याने आम्हाला घ्यावेच लागतात का? — भागीदार, फौंड्री

उत्तर : शेवटच्याचे उत्तर आधी. फक्त महावितरणची वीज घेत असाल तर तुमच्यावर स्वतंत्र आरपीओ नाही. ते बंधन महावितरण भागवते आणि त्याचा खर्च दरात आलेलाच असतो. कुणी 'कायद्याने घ्यावेच लागतात' म्हणून दारात आला तर कोणत्या नियमाखाली, ते लिहून मागा.

सीबॅम हा युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलादाच्या मालासाठी त्यात थेट उत्सर्जन मोजतात, म्हणजे कारखान्यात जळलेला कोक, गॅस, तेल. विजेमागचे उत्सर्जन सिमेंट आणि खतांच्या बाबतीत मोजतात, लोखंडाच्या नाही. तेव्हा सीबॅमसाठी आरईसी घेणे म्हणजे डोके दुखतेय म्हणून गुडघ्याला मलम. तुमचा माल यादीत येतो का, हे एचएस कोड (मालाचा कस्टम वर्गवारीचा क्रमांक) लावून कस्टम एजंटाकडून खात्री करून घ्या. सगळे कास्टिंग आणि मोटारीचे सगळे सुटे भाग एकाच कोडात येत नाहीत.

ग्राहकाचा फॉर्म ही वेगळी गोष्ट आहे. तिथे त्याला त्याच्या पुरवठा साखळीतल्या विजेचे उत्सर्जन कमी दाखवायचे असते, ज्याला ते स्कोप २ म्हणतात. तिथे प्रमाणपत्र उपयोगी पडते. बंधन नसलेला कुणीही स्वेच्छेने आरईसी घेऊ शकतो. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली, आरईसी. ५० लाख युनिट म्हणजे ५,००० प्रमाणपत्रे. ३०० रुपयांनी १५ लाख, वर जीएसटी आणि एक्स्चेंजचे किंवा व्यापाऱ्याचे शुल्क. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला साधारण ६०० युनिट लागतात, त्यामुळे वितळवण्यापुरते बघितले तर टनाला १८० रुपये, किलोला १८ पैसे. अडचण अशी की एक्स्चेंजवर घेताना कोणत्या प्रकल्पाचे, कोणत्या साली तयार झालेल्या विजेचे, हे निवडता येत नाही. काही ग्राहकांना नेमके तेच हवे असते. व्यापाऱ्यामार्फत घेतले तर ते ठरवता येते.

दुसरी, महावितरणचा हरित दर. राज्य आयोगाने मार्च २०२१ मध्ये तो आणला तेव्हा नेहमीच्या दरावर युनिटला ६६ पैसे होता. चालू दर दरपत्रकात बघा. ६६ पैसे धरले तर तुम्हाला वर्षाला ३३ लाख, म्हणजे आरईसीच्या दुप्पट. पण यात नोंदणी, लिलाव काही नाही. अर्ज केला की बिलात आकार येतो आणि महावितरण दाखला देते. फॉर्म भरून मागणारी माणसे अशा दाखल्यावर खूश असतात.

तिसरी, आय-आरईसी. ही आंतरराष्ट्रीय पद्धत, त्यात प्रकल्पाचे नाव, ठिकाण, महिना सगळे येते. भारतातल्या आरपीओला ती चालत नाही, तुम्हाला आरपीओ नसल्याने फरक पडत नाही. ग्राहकाचे मुख्य ऑफिस परदेशात असेल तर तो बहुधा हीच मागतो.

म्हणून खर्च करण्याआधी ग्राहकाला एक ओळीचा मेल टाका : कोणते प्रमाणपत्र, कोणत्या वर्षाच्या विजेचे, आमच्या नावावर वापरलेले दाखवायचे की तुमच्या. उत्तर येईपर्यंत काहीही घेऊ नका. एकदा तुमच्यासाठी वापरले गेलेले प्रमाणपत्र परत विकता येत नाही.

प्रश्न : इचलकरंजीजवळ आमची सूतगिरणी आहे. वर्षाला १ कोटी २० लाख युनिट लागतात. त्यातले १५ लाख मराठवाड्यातल्या सोलर प्रकल्पातून ग्रुप कॅप्टिव्हने (अनेक वापरकर्त्यांच्या सामायिक मालकीतून) येतात, बाकी महावितरण. सल्लागाराने एकूण वापराच्या ३३.०१ टक्के काढून, त्यातून १५ लाख वजा करून, उरलेल्यासाठी जवळजवळ २,४६१ आरईसी घ्यायला सांगितले आहे. बरोबर आहे का? — व्यवस्थापक, सूतगिरणी

उत्तर : सल्लागाराची वजाबाकी बरोबर आहे, पण मांडणी चुकली आहे.

टक्केवारी केंद्राच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेतली आहे. २०२४-२५ ला २९.९१, २०२५-२६ ला ३३.०१, पुढे चढत २०२९-३० ला ४३.३३. पण ओपन ॲक्सेस आणि कॅप्टिव्ह ग्राहकाला ती लागते ती महावितरण सोडून इतर मार्गाने घेतलेल्या विजेवर. तुमच्याकडे ती वीज १५ लाख युनिट. त्याचे ३३.०१ टक्के म्हणजे ४ लाख ९५ हजार. तुम्ही घेता ती सगळीच सोलर, म्हणजे गरजेच्या तिप्पट. एकही प्रमाणपत्र घ्यायला नको. वारा, पाणी, विकेंद्रित अशी जी वेगवेगळी खाती त्या अधिसूचनेत आहेत, तीही वितरण कंपन्यांसाठी. तुमच्यासारख्यांना एकूण टक्केवारी पुरी केली की झाले.

प्रमाणपत्रे केव्हा लागली असती? समजा सोलर १० लाख आणि त्याखेरीज कोळशाची वीज ओपन ॲक्सेसने ३० लाख घेतली असती. एकूण ४० लाख, त्याचे ३३.०१ टक्के १३ लाख २० हजार ४००. सोलर वजा जाता तूट ३ लाख २० हजार ४०० युनिट. म्हणजे ३२१ प्रमाणपत्रे, ३०० रुपयांनी ९६,३०० आणि कर.

गरजेहून जास्तीच्या १० लाख युनिटवर उलट तुम्हालाच प्रमाणपत्रे मिळतील का, असे विचाराल. नियमात जास्तीच्या अक्षय विजेसाठी वाट आहे, पण वर कारखान्याला सांगितलेली सवलतीची अट इथेही आड येते. शिवाय सोलर कंपनीबरोबरचा करार काढून 'पर्यावरणीय लाभ कुणाचे' हे कलम वाचा. बहुतेक छापील करारांत ते प्रकल्पवाल्याने स्वतःकडे ठेवलेले असते आणि सही करताना कुणी तिकडे बघत नाही. आणखी एक गोष्ट दरवर्षी तपासा : कॅप्टिव्ह म्हणून टिकायला वापरणाऱ्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वापर किमान ५१ टक्के लागतो. तो दर्जा गेला तर क्रॉस सबसिडीचा अधिभार, म्हणजे बाहेरून वीज घेतल्याबद्दलचा जादा आकार, लागतो आणि त्यापुढे आरईसीची रक्कम चिल्लर वाटेल.

प्रश्न : हातकणंगले तालुक्यात ४ मेगावॉटचा सोलर प्रकल्प उभा करत आहोत. वीज ओपन ॲक्सेसने एका उद्योगाला विकणार. आरईसीसाठी कधी, कुठे, कोणत्या क्रमाने अर्ज करायचा आणि कुठे अडकते? — प्रकल्प चालक

उत्तर : अर्जाआधी तुमच्या ग्राहकाला विचारा : आमची वीज तुम्ही स्वतःच्या आरपीओत धरणार का? हो म्हणाला तर विषय संपला. नाही म्हणाला तर ते करारात लिहून घ्या, म्हणजे तो नुसती वीज घेईल आणि हिरवेपणा तुमच्याकडे राहील. अर्थात त्यासाठी तो दरात काही पैसे कमी मागणार, ते धरून चाला. ४ मेगावॉटमधून वर्षाला साधारण ६० लाख युनिट, म्हणजे ६,००० प्रमाणपत्रे, ३०० रुपयांनी १८ लाख, युनिटला ३० पैसे. ग्राहकाने ३० पैशांहून जास्त सूट मागितली तर त्यालाच हिरवेपणा देऊन मोकळे व्हा.

क्रम असा. आरईसीच्या संकेतस्थळावर खाते काढून महाऊर्जाकडे मान्यतेचा अर्ज. त्याला ग्रिड जोडणीची परवानगी, कार्यान्वित झाल्याचा दाखला, मीटरचा तपशील, एकरेषीय आराखडा, वीज विक्रीचा करार आणि सवलत घेतलेली नाही असे प्रतिज्ञापत्र लागते. मान्यता मिळाली की एनएलडीसीकडे नोंदणी. मग दर महिन्याला महावितरणच्या अभियंत्यासमोर संयुक्त मीटर वाचन, त्यावरून राज्य भार प्रेषण केंद्राचा ऊर्जा अहवाल, आणि त्या अहवालाच्या आधारे प्रमाणपत्रांची मागणी. हजाराच्या आतले उरलेले युनिट वाया जात नाहीत, साठत जातात. त्यानंतर एक्स्चेंजचे सभासदत्व किंवा एखाद्या सभासदाचा ग्राहक म्हणून नोंदणी, आणि विक्री.

अडकते ते बहुतेक वेळा फार साध्या गोष्टींवर. कंपनीचे नाव एका कागदावर 'प्रायव्हेट लिमिटेड', दुसऱ्यावर 'एलएलपी'. मधे भागीदार बदलला किंवा प्रकल्प विकला आणि मान्यता जुन्याच नावावर. क्षमता एका ठिकाणी एसी, दुसऱ्या ठिकाणी डीसी. सोलरमध्ये ही चूक इतकी नेहमीची आहे की अर्ज भरणाऱ्याला आधीच बजावून ठेवा : ग्रिडला जोडलेली एसी क्षमता, पॅनेलची बेरीज नव्हे. मीटर बदलला, सीटीचे (मीटरला जोडलेल्या करंट ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर बदलले, पण कळवले नाही. मग वाचन आणि अहवाल जुळत नाहीत आणि ती मागणी परत येते. एका फीडरवर दोन-तीन प्रकल्प असतील तर सामायिक मीटरवरची विभागणी सगळ्यांनी सह्या करून दिल्याशिवाय कुणाचेच पुढे सरकत नाही.

दोन मुदती मात्र कुणाच्या हातापाया पडून वाढत नाहीत. नोंदणीच्या आधी तयार झालेल्या युनिटला प्रमाणपत्र नाही. तेव्हा प्रकल्प सुरू होऊन चार महिन्यांनी जाग आली तर ते चार महिने गेले, आणि ते महिने नेमके फेब्रुवारी ते मे असतील तर वर्षातले सगळ्यात चांगले ऊनही गेले. दुसरी, वीज तयार झाल्यापासून सहा महिन्यांत मागणी केली नाही तर त्या महिन्याचा हक्क संपतो. प्रमाणपत्र हातात आल्यावर त्याला मुदत नाही, पण ते मागायला आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून 'आरईसी काय, कधीही काढता येतात' म्हणत बसू नका. संयुक्त वाचनावर सही त्याच आठवड्यात घेणे आणि अहवाल आल्याबरोबर मागणी टाकणे, हे काम लेखा विभागातल्या एका माणसाच्या नावावर लावून द्या.

प्रश्न : आमच्या गावात एक जण दुधाच्या गोठ्यावरच्या गोबरगॅसचे आणि सोलर पंपाचे 'कार्बन क्रेडिट आणि आरईसी' काढून देतो म्हणून प्रत्येकी दोन हजार रुपये नोंदणी घेतोय. द्यावेत का? — एक दूध उत्पादक, राधानगरी

उत्तर : देऊ नका. आरईसी विजेच्या युनिटवर असते, मेगावॉट-तासात. घरच्या गोबरगॅसवर चूल पेटते, वीज तयार होत नाही, तेव्हा तिथे आरईसीचा प्रश्नच नाही. सोलर पंप मीटर लावून ग्रिडला जोडलेला नसेल तर भार प्रेषण केंद्राकडे मोजायला काहीच नाही.

कार्बन क्रेडिट ही वेगळी वस्तू. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टाळल्याचा दाखला. भारतात त्याची योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि तिचे काम ऊर्जा दक्षता ब्युरोकडे आहे. आपल्या ग्रिडची १००० युनिट वीज वाचली तर सुमारे ०.७ टन उत्सर्जन टळते, त्यामुळे एक आरईसी म्हणजे एक क्रेडिट हे समीकरणही चूक. आणि एकाच युनिटवर दोन्ही घेता येत नाहीत.

गोबरगॅसवर कार्बन क्रेडिटचे खरे प्रकल्प असतात, पण ते हजारो घरांचे एकत्र मिळून असतात. त्यात खर्च प्रकल्प चालवणारी संस्था करते, शेतकऱ्याकडून नोंदणी घेत नाही. उलट शेतकऱ्याची सही लागते ती क्रेडिटचा हक्क संस्थेला दिल्याच्या कागदावर. तेव्हा त्या माणसाकडून प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि तो कोणत्या नोंदवहीत आहे ते लिहून मागा. तो देईपर्यंत पैसेही नाहीत आणि सहीही नाही.